चिकटवलेले कसे सुटते?

कातरकाम आणि चिकटकाम हे कार्यानुभवाच्या तासाचे जुने सोबती. जुन्या मासिकांतली चित्रे, लग्नपत्रिकेवरचा गणपती, कापडाच्या दुकानातल्या पिशवीवरची वेलबुट्टी कापून घ्यायची. ती रिकाम्या बाटलीवर, लाकडी पाटीवर किंवा मडक्यावर चिकटवायची आणि वरून गोंदाचाच एक हात फिरवायचा. गोंद वाळला की चित्र जणू त्या वस्तूवरच रंगवलेले आहे असे वाटते. या कामाला 'डेकुपाज' म्हणतात. त्यासाठीचा खास गोंद छोट्या बाटल्यांतून विकला जातो आणि तो स्वस्त नसतो. धामणगाव बढेसारख्या गावातल्या शाळेने त्याच्या मागे लागण्याचे कारण नाही. सुताराकडचा पांढरा गोंद तीन भाग आणि स्वच्छ पाणी एक भाग, एवढ्यावर उत्तम काम होते, कारण दोन्हींमागचे तत्त्व एकच आहे.

गोंद कसा चिकटतो, हा प्रश्न वर्गात नेहमी येतो. चिकटवलेले कसे सुटते, हा मात्र सहसा कुणी विचारत नाही. चित्र वाकडे लागले, सांडलेला गोंद बाकावर वाळला, गणवेशावर डाग पडला, की मगच त्याची आठवण होते. आमच्या मते विज्ञानाच्या शिक्षकाला हा दुसरा प्रश्न अधिक उपयोगी पडेल, कारण त्याचे उत्तर शोधताना गोंदाच्या आत काय चालले आहे ते उघड होते.

'डेकुपाज' हा शब्द कापणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला. अठराव्या शतकात चिनी-जपानी लाखकामाच्या सामानाला युरोपात फार मागणी होती आणि ते फार महाग होते. तेव्हा व्हेनिसच्या कारागिरांनी छापील चित्रे कापून लाकडी सामानावर चिकटवली आणि त्यांवर रोगणाचे अनेक हात दिले. या कलेला तिकडे 'गरिबांची लाख' असेच म्हणत. इंग्लंडमध्ये मेरी डेलनी या बाईंनी वयाच्या बहात्तराव्या वर्षी, १७७२ च्या सुमारास, रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून वनस्पतींची हुबेहूब चित्रे करायला सुरुवात केली. त्यांनी केलेली हजाराच्या जवळपास चित्रे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

आपल्याकडेही कागद, खळ आणि लाख यांचे नाते जुने आहे. सावंतवाडीच्या गंजिफा घ्या. दशावतारी गंजिफेच्या एका डावात दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी १२० गोल पाने असतात. पान ताठ करण्यासाठी चिंचोक्याची खळ वापरण्याची आणि रंगवून झाल्यावर वर लाखेचा लेप देण्याची पद्धत होती. चिकटवायला एक पदार्थ आणि राखायला दुसरा, अशी ही वाटणी होती. पांढऱ्या गोंदाने ही दोन्ही कामे स्वतःकडे घेतली. डेकुपाज शाळेपर्यंत पोचला तो यामुळेच.

हा पांढरा गोंद म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट या बहुवारिकाचे पाण्यातले पायस. व्हिनाइल ॲसिटेटचे हजारो रेणू एकापुढे एक जोडले जाऊन त्याची लांब साखळी बनते. जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे यांनी १९१२ मध्ये याचा शोध लावला. भारतात बळवंत पारेख यांनी १९५९ मध्ये फेविकॉल बाजारात आणले. त्याआधी सुतार जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस विस्तवावर वितळवून वापरत. त्याचा वास आणि खटाटोप या दोन्हींतून सुताराची सुटका झाली.

हे बहुवारिक पाण्यात विरघळत नाही. दुधात स्निग्धांशाचे थेंब तरंगतात तसे त्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात, आणि साधारणपणे गोंदाचा निम्मा भाग पाणीच असतो. कण एकमेकांना चिकटून तळाशी बसू नयेत म्हणून त्यात पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हे पाण्याची ओढ असलेले दुसरे बहुवारिक मिसळतात. हे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढे सगळी गंमत तेच करणार आहे.

गोंद दुधासारखा पांढरा दिसतो, कारण प्रकाश प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर वळतो आणि सर्व दिशांना विखुरतो. कागदावर गोंद पसरला की पाणी दोन वाटांनी जाते, थोडे हवेत आणि थोडे कागदाच्या किंवा लाकडाच्या छिद्रांत. कण जवळ येतात, एकमेकांना टेकतात, दबतात. शेवटी एका कणातल्या साखळ्या शेजारच्या कणात शिरतात आणि कणांच्या सीमाच पुसल्या जातात. सीमा गेल्या, विखुरणे थांबले, म्हणून वाळलेला थर पारदर्शक दिसतो. पांढरेपणा गेला म्हणजे गोंद 'वाळला', ही सुताराची खूण शास्त्रशुद्धच आहे. मात्र साखळ्यांचे आत-बाहेर गुंतणे त्यानंतरही सावकाश चालू असते आणि अडकलेले पाणीही हळूहळू बाहेर पडते. डेकुपाजच्या गोंदाचे उत्पादक वस्तू पक्की व्हायला चार-चार आठवडे थांबायला सांगतात ते यासाठी. वाळल्यासारखी दिसणारी बाटली दुसऱ्याच दिवशी धुवायला घेतली तर चित्र सरकते.

आता कागदाकडे पाहू. चिकटवताना सुरकुत्या का पडतात? कागद हा वनस्पतींच्या तंतूंचा थर आहे. ओलावा मिळताच तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत मात्र चांगले फुगतात. यंत्रावर बनलेल्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेला पहुडलेले असतात, म्हणून कागद एका दिशेला जास्त पसरतो. हे वर्गात दाखवणे फार सोपे आहे. एकाच वहीच्या पानाच्या दोन सारख्या पट्ट्या कापाव्यात, एक उभी आणि एक आडवी. दोन्हींच्या फक्त एकाच बाजूला ओला बोळा फिरवावा. दोन्ही पट्ट्या वळतील, पण सारख्या वळणार नाहीत. आता सुरकुती टाळण्याची युक्ती मुले स्वतः सांगतील: गोंद लावलेला तुकडा मिनिटभर तसाच ठेवायचा, तो पसरून झाला की लावायचा आणि मधून कडांकडे बोट फिरवत हवा काढायची. गोंदात पाणी जास्त घातले तर कागदाचे फुगणे वाढते आणि थरही कमकुवत होतो. काटकसर इथे उपयोगी पडत नाही.

वर्तमानपत्राचा तुकडा लावला की मागच्या बाजूची अक्षरे पुढे दिसू लागतात, हा अनुभव सर्वांचा आहे. कोरडा कागद अपारदर्शक असतो, कारण तंतूंच्या मधल्या पोकळ्यांत हवा असते आणि तंतू-हवा या प्रत्येक सीमेवर प्रकाश विखुरतो. गोंद त्या पोकळ्या भरतो. त्याचा आणि तंतूंचा अपवर्तनांक जवळपास सारखा असल्याने सीमा जणू नाहीशा होतात. भज्यांच्या तेलाने कागद पारदर्शक होतो त्याचे कारणही हेच. मागची बाजू कोरी असलेला किंवा जाडसर कागद घेणे हा यावरचा उपाय. शाईचीही तऱ्हा निराळी असते. वर्तमानपत्राच्या काळ्या शाईत काजळीचे न विरघळणारे कण असतात, ती पाण्याने पसरत नाही. संगणकाच्या छपाईयंत्रांपैकी शाईचे फवारे मारणाऱ्या यंत्राची रंगीत चित्रे मात्र ओल्या गोंदाखाली अनेकदा ओघळतात. आधी एक कोपरा ओला करून पाहावा.

आमच्या भागातल्या हवेबद्दल थोडे सांगायला हवे. शुद्ध, कोरडे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट सुमारे ३० अंश सेल्सिअसच्या खाली काचेसारखे कडक असते आणि त्याच्या वर हळूहळू रबरासारखे मऊ पडते. बुलढाणा जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत एकावर एक रचलेल्या डेकुपाजच्या पाट्या परीक्षेनंतर कपाटात ठेवल्या आणि जूनमध्ये काढल्या, तर त्या एकमेकींना चिकटलेल्या निघतील. टेकलेल्या दोन थरांतल्या साखळ्या एकमेकींत शिरण्याचेच हे काम, फक्त नको तिथे झालेले. मध्ये पॉलिथिनचा कागद घालावा. पॉलिथिनला हा गोंद धरत नाही, कारण द्रव गोंद त्यावर नीट पसरतच नाही, गोळा होऊन राहतो. काम करताना बाकावर अंथरायलाही पॉलिथिनच चांगले.

पावसाळ्यात याच वस्तू पांढुरक्या होतात. इथे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल पुढे येते. थरात राहिलेला हा पाण्याचा मित्र ओलावा ओढून घेतो, पाण्याचे सूक्ष्म साठे तयार होतात आणि प्रकाश पुन्हा विखुरू लागतो. वस्तू कोरड्या हवेत ठेवली तर बहुधा पुन्हा स्वच्छ होते. ज्याच्यामुळे थर पांढरा पडतो, त्याच्यामुळेच तो सोडवताही येतो.

गोंद ओला असेल तर साधे पाणी पुरते, कारण कण अजून सुटे आहेत. गणवेशावर पडलेला गोंद तिथल्या तिथे थंड पाण्याने धुवावा. वाळल्यावर गोष्ट बदलते. एकजीव झालेले कण पाण्यात परत सुटे होत नाहीत. पाणी थरात शिरून त्याला फुगवते, मऊ करते आणि खालच्या पृष्ठभागावरची त्याची पकड ढिली करते, एवढेच. म्हणून वाळलेला गोंद विरघळवून काढण्याऐवजी सोलून काढायचा असतो. पाणी हाताला सोसवेल इतके गरम घेतले तर काम लवकर होते, कारण उष्णताही त्याला मऊ करते आणि पाणीही.

काचेच्या बाटलीवर हे सर्वांत सोपे. अर्धा तास गरम पाण्यात बुडवून ठेवली की थर पांढरा पडतो आणि केळीच्या सालीसारखा निघतो. काच गुळगुळीत असते आणि गोंदाला शिरायला तिच्यात छिद्रे नसतात. लाकडाचे तसे नाही. ओला असताना गोंद लाकडाच्या नळ्यांत मुळांसारखा उतरलेला असतो. तिथे गरम पाण्यात पिळलेले फडके दहा-पंधरा मिनिटे ठेवावे, प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावे, पुन्हा फडके ठेवावे. व्हिनेगर लावल्यास थर आणखी मऊ पडतो. घाईने पाणी ओतले तर लाकडाचे रेषे उभे राहतात. आत गेलेला गोंद पूर्ण निघत नाही आणि पुढे त्या जागी रंग नीट बसत नाही, हेही मुलांना दाखवून द्यावे.

मडक्याबाबत आमचा स्पष्ट आग्रह आहे की पिण्याच्या पाण्याचा माठ या कामाला घेऊ नये. माठातले पाणी थंड होते ते भिंतीच्या छिद्रांतून झिरपून बाहेर बाष्प झाल्यामुळे. गोंदाने ती छिद्रे बुजली की माठ नुसता घडा उरतो, आणि मातीत शिरलेला गोंद परत काढता येत नाही. सजवायचे मडके वेगळे ठेवावे. पणतीवरही कागद लावू नये. कारण सांगायला नको.

पाण्याने भागले नाही तर स्पिरिट आणि ॲसिटोन हे विद्रावक आहेत. ते या बहुवारिकाच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांना खरोखर वेगळे करतात. पण विद्रावक गोंदापुरता थांबत नाही. ॲसिटोन थर्मोकोल विरघळवते, ॲक्रिलिकची काच डागाळते. स्पिरिट सुताराचे जुने पॉलिश उतरवते, कारण ते पॉलिश म्हणजे स्पिरिटात विरघळवलेली लाखच असते. नखपॉलिश काढायच्या द्रवात ॲसिटोन असू शकते किंवा दुसराच विद्रावक, म्हणून बाटलीवरचा मजकूर वाचावा. हे सगळे द्रव झटकन पेट घेतात. वर्गात ते शिक्षकांनीच हाताळावेत, खिडक्या उघड्या ठेवून, आणि जवळ स्टोव्ह किंवा उदबत्तीसुद्धा नसताना.

या साऱ्याचा एक प्रयोग होऊ शकतो. काचेच्या चार पट्ट्या किंवा चार रिकाम्या बाटल्या घ्या. एकीवर कणकेच्या खळीने कागद चिकटवा, दुसरीवर बाभळीचा डिंक पाण्यात भिजवून, तिसरीवर पांढऱ्या गोंदाने. चौथीवर कागद ठेवून स्पिरिट पॉलिशचा हात द्या. आठवडाभर वाळू द्या. मग प्रत्येकीचा एक कोपरा थंड पाण्यात, दुसरा गरम पाण्यात भिजवा आणि तिसऱ्यावर स्पिरिटाचा बोळा ठेवा. डिंक थंड पाण्यातच विरघळून जाईल आणि स्पिरिटाला दाद देणार नाही. खळ पाण्याने फुगून मऊ होईल. पांढरा गोंद गरम पाण्यात पांढरा पडून सोलला जाईल, स्पिरिटानेही मऊ होईल. लाखेचा थर पाण्यात टिकेल आणि स्पिरिटात जाईल. वाळलेल्या खळीवर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला तर स्टार्चमुळे निळा-काळा डाग पडेल. अनोळखी डाग कोणत्या गोंदाचा आहे हे ओळखण्याची ही सुरुवात आहे. जाता जाता एक सूचना: बुक बायंडिंगच्या खळीत किडीपासून बचावासाठी मोरचूद घालत असत. मोरचूद विषारी आहे, शाळेतल्या खळीत तो नको. खळ रोजच्या रोज ताजी करावी.

प्रयोगातून एक गोष्ट वर येते. खळ आणि डिंक आज लावले आणि पुष्कळ वर्षांनी पाणी दिले तरी सुटू शकतात. पांढऱ्या गोंदाचे तसे नाही. तो जुना होताना अधिकाधिक हट्टी होतो आणि त्यातून थोडे थोडे ॲसेटिक आम्लही बाहेर पडू शकते, ते कागदाला घातक असते. पाण्यापासून सुरक्षित म्हणून विकल्या जाणाऱ्या सुतारी गोंदात तर साखळ्या एकमेकींना आडव्या जोडल्या जातात. तो वाळल्यावर पाण्याला मुळीच बधत नाही. म्हणून बाटलीवर, खोक्यावर, नव्या पाटीवर पांढरा गोंद जरूर वापरावा. आजोबांचा फोटो, सातबाराचा जुना उतारा, शाळेचे पहिले हजेरीपत्रक यांना तो लावू नये. जुने कागद जपणारे तज्ज्ञ आजही गव्हाच्या स्टार्चची पातळ खळच वापरतात. मागाहून येणाऱ्याला आपले काम सोडवता आले पाहिजे, हा त्यांचा नियम आहे.

या नियमाची किंमत काय असते ते आमच्या शेजारीच पाहायला मिळते. अजिंठ्याची डोंगररांग आमच्या जिल्ह्यातूनच पूर्वेला जाते, आणि लेणी पश्चिमेला शेजारच्या जिल्ह्यात आहेत. तिथली चित्रे मातीच्या गिलाव्यावर, कोरड्या पृष्ठभागावर, चिकट बंधकात कालवलेल्या रंगांनी काढलेली आहेत. लेणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटू लागलेले पापुद्रे बसवले, आणि पुष्कळ चित्रांवर लाखेचे रोगण दिले. हेतू चांगला होता, रंगही सुरुवातीला उजळ दिसले. पण लाखेचे रेणू कालांतराने आपसांत जोडले जातात. थर पिवळा पडत गेला, मग तपकिरी, ठिसूळ झाला आणि आकसताना खालच्या रंगाला ओढू लागला. ताजी लाख स्पिरिटात सहज विरघळते. जुनी झालेली विरघळायला नाखूश असते. ती काढण्याचे काम पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांवर येऊन पडले. काजळी, धूळ आणि रोगण यांचे थर थोडे थोडे उतरवायचे, खालच्या रंगाचा बंधक न दुखावता. ९ आणि १० क्रमांकांच्या लेण्यांत असे काम १९९९ नंतर झाले.

सहल अजिंठ्याला नेणार असाल तर मुलांना चित्रांतला पिवळसर-तपकिरी झाकोळ आणि स्वच्छ केलेला भाग यांतला फरक शोधायला सांगा. बोट लावायचे नाही, झोत पाडायचा नाही. आणि शाळेत परतल्यावर, ज्या पाट्या-बाटल्या प्रदर्शनात ठेवायच्या आहेत त्यांच्या तळाशी पेन्सिलीने तीन गोष्टी लिहून ठेवा: गोंद कोणता, वरचा हात कशाचा, आणि तारीख.